ऱ्होड आयलंड : वसाहतीपासून राज्यापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्टनहून न्यूयॉर्कला जाताना पाऊण-एक तासात जे राज्य मागे पडतं, त्याच्याबद्दल मला इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. काही प्रश्न मुलांचे शाळेचे प्रकल्प करून देणाऱ्या आईबाबांचे आहेत, काही स्पर्धा परीक्षावाल्यांचे, आणि बरेचसे नुसत्या कुतूहलाचे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऱ्होड आयलंड हे बेट आहे का? मग नकाशात ते जमिनीला चिकटलेलं का दिसतं?

राज्याचा बहुतेक भाग मुख्य भूमीवर आहे. मधोमध नॅरागॅन्सेट उपसागर आत घुसलेला आहे आणि त्यात बेटं आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या ॲक्विडनेक बेटाला इंग्रज वसाहतवाल्यांनी १६४४ मध्ये 'ऱ्होड आयलंड' हे नाव दिलं आणि पुढे तेच सगळ्या वसाहतीला चिकटलं. नाव कुठून आलं याबद्दल दोन मतं आहेत. १५२४ मध्ये इथून गेलेल्या इटालियन दर्यावर्दी वेराझानोला इथलं एक बेट भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्ससारखं वाटलं, हे एक. डच खलाशांनी लालसर किनाऱ्यावरून 'लाल बेट' म्हटलं, हे दुसरं.

आकार विचाराल तर जमीन जेमतेम २,७०० चौरस किलोमीटर. म्हणजे आपला गोवासुद्धा याच्यापेक्षा मोठा. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत हे सर्वांत लहान.

२. ही वसाहत कोणी वसवली आणि का?

रॉजर विल्यम्स नावाच्या एका धर्मोपदेशकानं, हाकलून दिल्यामुळे.

विल्यम्स केंब्रिजला शिकलेला. १६३१ मध्ये तो बोस्टनला उतरला. मॅसॅच्युसेट्सची वसाहत तेव्हा प्युरिटनांच्या हातात होती. इंग्लंडमधल्या चर्चच्या जाचाला कंटाळून आलेली ही मंडळी इथे मात्र आपल्याहून वेगळं बोलणाऱ्याला उभं करत नव्हती. विल्यम्स दोन गोष्टी सोडायला तयार नव्हता. एक, देव आणि माणूस यांच्या मामल्यात सरकारी न्यायाधीशानं नाक खुपसू नये. दुसरी जास्त झोंबणारी होती : इथली जमीन इथल्या लोकांची आहे, ती इंग्लंडच्या राजानं परस्पर कुणाला लिहून द्यायची हे कुठलं? ज्यांच्या घराची चौकटच राजाच्या सनदेवर उभी होती, त्यांना हे पचणं शक्यच नव्हतं.

ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. जानेवारी १६३६ मध्ये त्याला पकडून जहाजानं इंग्लंडला धाडायचं ठरलं, तेव्हा तो भर हिमवर्षावात सेलमहून पायी निसटला. थंडीचे दिवस त्यानं वॉम्पानोग या तिथल्या मूळ जमातीच्या आश्रयानं काढले. वसंतात त्यानं सीकॉन्क नदीच्या पूर्वेला पेरणी केली, तर प्लिमथच्या वसाहतीचा निरोप आला : ही हद्द आमची, तेवढी नदी ओलांडा. त्यानं नदी ओलांडली आणि पलीकडे जे गाव वसवलं त्याला नाव दिलं प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी कृपा.

जाता जाता, मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं ती हद्दपारी १९३६ मध्ये मागे घेतली. सुमारे तीनशे वर्षांनी.

३. जमीन विकत घेतली की बळकावली?

सुरुवातीला रीतसर मागून घेतली, आणि त्या काळच्या मानानं हे विशेषच. नॅरागॅन्सेट ही इथली मूळ जमात, आणि विल्यम्सला तिची भाषा येत होती. १६४३ मध्ये त्यानं त्या भाषेवर एक पुस्तकही लंडनमध्ये छापलं. कॅनोनिकस आणि मियांटोनोमी या नॅरागॅन्सेट प्रमुखांशी त्याचा घरोबा होता. प्रॉव्हिडन्सची जागा त्यांनी दिली. ॲक्विडनेक बेटाच्या व्यवहारात चाळीस वाव पांढरे शंखमणी दिले गेले, आणि तिथे राहणाऱ्या लोकांनी उठून जावं म्हणून वर दहा कोट आणि वीस कुदळी. विल्यम्स पुढे म्हणायचा की हे बेट पैशानं नाही, प्रेमानं मिळालं.

प्रेम एका बाजूला ठेवलं तरी हिशेब दोन्हीकडे होता. नॅरागॅन्सेटांना शेजारच्या टोळ्यांविरुद्ध आणि मॅसॅच्युसेट्सविरुद्ध आपल्या बाजूचा इंग्रज हवा होता. शिवाय 'विकणं' म्हणजे कायमचं सोडणं, ही कल्पना दोन्ही बाजूंना सारखीच कळली होती असं समजू नये. पुढे काय झालं ते प्रश्न ७ मध्ये.

४. पुस्तकात कुठे चार गावं म्हटलंय, कुठे एक वसाहत. नक्की काय?

आधी चार गावं, मग ओढूनताणून एक वसाहत. मॅसॅच्युसेट्सनं ज्याला ज्याला हाकललं तो तो इथे आला, आणि आल्यावर शेजाऱ्याशी भांडून पुढचं गाव वसवू लागला. १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स. १६३८ मध्ये पोर्ट्समथ, जिथे ॲन हचिन्सनच्या गटानं बस्तान बसवलं. या बाई घरी बायकांची बैठक घेऊन पाद्र्यांच्या प्रवचनांवर चर्चा करत, म्हणून त्यांच्यावर खटला चालला होता. तिथे वर्षभरात फूट पडली आणि विल्यम कॉडिंग्टननं १६३९ मध्ये बेटाच्या दक्षिण टोकाला न्यूपोर्ट वसवलं. चौथं वॉरिक, सॅम्युएल गॉर्टनचं. गॉर्टनचं कुठल्याच गावाशी पटलं नव्हतं.

विल्यम्सनं लंडनला जाऊन १६४४ मध्ये संसदेकडून या गावांसाठी अधिकारपत्र आणलं. १६४७ मध्ये चारही गावं एकत्र बसली. मग १६५१ मध्ये कॉडिंग्टननं लंडनहून स्वतःच्या नावावर बेटांचं गव्हर्नरपद मिळवून आणलं! ते रद्द करून घ्यायला विल्यम्स आणि डॉ. जॉन क्लार्क यांना पुन्हा इंग्लंड गाठावं लागलं. आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या दाव्यांत रमणाऱ्या वाचकाला हा काळ मुद्दाम वाचण्यासारखा आहे.

५. १६६३ च्या सनदेचं एवढं कौतुक का?

तीन कारणांनी.

पहिलं म्हणजे ती मिळणं. विल्यम्स परतला, पण जॉन क्लार्क लंडनमध्येच राहिला, एकूण बारा वर्षं. दरम्यान इंग्लंडमध्ये राजेशाही मोडून आलेलं क्रॉमवेलचं राज्य गेलं, राजा परत आला, म्हणजे संसदेनं दिलेलं जुनं अधिकारपत्र कागदाच्या किमतीचं उरलं. क्लार्कनं नव्यानं खटपट करून ८ जुलै १६६३ रोजी दुसऱ्या चार्ल्सकडून सनद मिळवली.

दुसरं म्हणजे तिच्यातला मजकूर. धर्माच्या बाबतीत वेगळं मत असल्यामुळे, जोवर तो माणूस नागरी शांतता बिघडवत नाही तोवर, कुणालाही त्रास, शिक्षा किंवा जाब विचारणं होणार नाही. इंग्लंडमध्ये हे नव्हतं, आणि ज्या राजानं ते घरी दिलं नाही त्यानंच ते समुद्रापलीकडे लिहून दिलं. शिवाय गव्हर्नर राजानं नेमायचा नाही, लोकांनी निवडायचा.

तिसरं म्हणजे तिचं आयुष्य. स्वातंत्र्ययुद्ध झालं, देश झाला, राज्यघटना आली. इतर बहुतेक राज्यांनी नवे कायदे लिहिले, ऱ्होड आयलंडनं मात्र राजाची सनदच राज्यघटना म्हणून १८४३ पर्यंत वापरली. शेवटी शेवटी ती गळ्याशी आली होती, कारण जमीन असलेल्यालाच मत, आणि गिरण्यांत काम करणाऱ्याकडे जमीन कुठून असणार? १८४२ मध्ये त्यावरून थॉमस डोर याचं बंड झालं, तेव्हा कुठे नवी घटना आली.

६. म्हणजे सगळ्या धर्मांना पूर्ण मोकळीक होती?

शेजारपाजारच्या मानानं, हो. बोस्टनमध्ये मेरी डायर या न्यूपोर्टच्या क्वेकर (पाद्री न मानणारा एक ख्रिस्ती पंथ) बाईला १ जून १६६० रोजी फाशी दिलं, गुन्हा एवढाच की बंदी असताना ती पुन्हा पुन्हा शहरात येत होती. त्याआधी १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी ऱ्होड आयलंडला बजावलं होतं की तुमच्याकडचे क्वेकर हाकला. उत्तर मजेदार गेलं : ज्या गावांत त्यांना कोणी विचारत नाही, तिथे यायची त्यांना फारशी इच्छाच होत नाही, छळ केला की त्यांचं फावतं.

विल्यम्सला स्वतःला क्वेकरांची मतं मुळीच मान्य नव्हती. १६७२ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टपर्यंत तो होडी वल्हवत गेला आणि त्यांच्याशी अनेक दिवस जाहीर वाद घातला. पण त्यांना गप्प करा असं म्हणाला नाही. मला तो सगळ्यात जास्त आवडतो तो या होडीत.

आता अपवाद. अठराव्या शतकातल्या छापील कायद्यात कॅथलिकांना मताधिकार नाकारणारं कलम होतं, ते १७८३ मध्ये काढलं. न्यूपोर्टच्या ज्यूंना व्यापार आणि पूजा मोकळी होती. त्यांचं १७६३ चं सिनेगॉग आजही उभं आहे आणि अमेरिकेतल्या सिनेगॉगच्या जुन्या इमारतींत त्याचा पहिला मान. तरी बड्या व्यापारी ॲरन लोपेझचा नागरिकत्वाचा अर्ज १७६२ मध्ये इथल्याच न्यायालयानं फेटाळला आणि त्याला ते मॅसॅच्युसेट्सकडून घ्यावं लागलं. मॅसॅच्युसेट्सकडून!

७. नॅरागॅन्सेट लोकांचं पुढे काय झालं?

याचं उत्तर लिहायला जड जातं. मियांटोनोमीला १६४३ मध्ये शेजारच्या इंग्रज वसाहतींच्या संमतीनं त्याच्या वैऱ्यांकडून मारवलं गेलं. १६७५ मध्ये वॉम्पानोग प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज 'किंग फिलिप' म्हणत, त्याचं इंग्रजांशी युद्ध पेटलं. नॅरागॅन्सेट सुरुवातीला बाजूला होते. तरी १९ डिसेंबर १६७५ रोजी मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेटिकटच्या फौजांनी दलदलीतल्या त्यांच्या हिवाळी तटबंदीवर हल्ला केला आणि झोपड्या पेटवून दिल्या. बायका, मुलं, म्हातारे आत होते. ऱ्होड आयलंडची वसाहत त्या युतीत नव्हती, पण जागा तिच्याच हद्दीत.

मार्च १६७६ मध्ये सूड म्हणून प्रॉव्हिडन्स जाळलं गेलं, त्यात विल्यम्सचंही घर गेलं. त्या उन्हाळ्यात पकडलेल्या मूळ रहिवाशांना प्रॉव्हिडन्स गावानं ठरावीक मुदतीच्या गुलामीत विकलं. तो व्यवहार पाहणाऱ्या समितीत रॉजर विल्यम्स होता. 'मूलनिवासींचा मित्र' असं पाटीवर वाचलं की मला हे आठवतं.

नॅरागॅन्सेट संपले मात्र नाहीत. राज्यानं १८८० च्या सुमारास त्यांची जमात कागदोपत्री बरखास्त केली होती, पण १९८३ मध्ये केंद्र सरकारनं त्यांना पुन्हा मान्यता दिली.

८. १६५२ मध्येच गुलामगिरीवर बंदी घातली होती असं वाचलं. खरं का?

कायदा खरा, बंदी खोटी. १८ मे १६५२ चा तो कायदा प्रॉव्हिडन्स आणि वॉरिकनं केला (तेव्हा बेटावरची दोन गावं फुटलेली होती, प्रश्न ४ पाहा) आणि त्यात दहा वर्षांहून जास्त काळ कुणाला राबवू नये असं होतं. अंमलबजावणी झालीच नाही.

पुढच्या शतकात हीच वसाहत उत्तर अमेरिकेतल्या गुलाम व्यापाराचं मुख्य ठाणं झाली. वेस्ट इंडीजच्या बेटांवरून काकवी यायची, न्यूपोर्टच्या वीसेक भट्ट्यांत तिची रम व्हायची, रमची पिंपं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची, तिथून माणसं कोंबून जहाजं बेटांकडे, आणि परतीला पुन्हा काकवी. अमेरिकेतून सुटलेल्या गुलामवाहू फेऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त इथून सुटल्या. या जहाजांनी सुमारे एक लाख आफ्रिकी माणसं वाहून नेली. चर्चची घंटा कुठल्या पंथाची यावर भांडण नव्हतं, कारण बंदरात सगळ्यांचा धंदा एकच होता.

१ मार्च १७८४ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र, असा कायदा झाला. आई मात्र गुलामच राहायची.

९. इथल्या चाच्यांचा औरंगजेबाशी संबंध आला होता म्हणतात?

आला होता. न्यूपोर्टचा थॉमस ट्यू १६९२ मध्ये बर्म्युडाहून परवाना घेऊन निघाला. फ्रेंचांची ठाणी लुटायचा परवाना होता, पण तो वळला तांबड्या समुद्राकडे. एक श्रीमंत जहाज लुटून १६९४ मध्ये तो न्यूपोर्टला परतला तेव्हा गावानं त्याला डोक्यावर घेतलं. १६९५ च्या दुसऱ्या फेरीत सुरतेच्या जहाजांवर हल्ला करताना तो मेला. त्याच मोहिमेत हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' लुटलं. हज यात्रेकरूंना घेऊन ते मक्केहून परत येत होतं. लुटीबरोबर जहाजावरच्या बायकांवर अत्याचार झाले.

औरंगजेब तेव्हा सोलापूरजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला छावणी टाकून मराठ्यांशी झुंजत होता. बातमी येताच सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैद झाले, आणि कंपनीला नुकसानभरपाईचं बोलावं लागलं.

२०१४ मध्ये न्यूपोर्टशेजारच्या मिडलटाउनमध्ये एका फळबागेच्या मातीत चांदीचं एक चिमुकलं नाणं सापडलं. त्यावर अरबी अक्षरं. १६९३ मध्ये येमेनमध्ये पाडलेलं. ते तिथवर कसं आलं याची चिठ्ठी कुणी ठेवलेली नाही, पण तांबड्या समुद्राहून न्यूपोर्टला येणाऱ्यांचा धंदा काय होता ते वर सांगितलंच.

१०. 'गॅस्पी' प्रकरण बोस्टन टी पार्टीच्या आधीचं का?

दीड वर्ष आधीचं, आणि इथले लोक ते ऐकवल्याशिवाय राहत नाहीत. 'गॅस्पी' हे ब्रिटिश आरमाराचं जकातीवर नजर ठेवणारं जहाज. काकवीची चोरटी आयात हा तर इथला पोटापाण्याचा उद्योग. ९ जून १७७२ रोजी 'हॅना' या जहाजाचा पाठलाग करताना गॅस्पी ओहोटीच्या वाळूत रुतलं. प्रॉव्हिडन्सच्या रस्त्यावर ढोल वाजला, एका खानावळीत मंडळी जमली, चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओतल्या, आणि आठ होड्या वल्ह्यांचा आवाज न करता निघाल्या. कप्तान डडिंग्स्टनला गोळी लागली, खलाशांना किनाऱ्यावर उतरवलं आणि जहाज जाळून टाकलं.

राजानं चौकशी आयोग नेमला, मोठं बक्षीस लावलं. पुढाकार घेणारा जॉन ब्राउन शहरातला नामांकित व्यापारी, सगळ्यांच्या ओळखीचा. पण अख्ख्या गावात अळीमिळी गुपचिळी. एकावरही खटला उभा राहिला नाही. आरोपींना इंग्लंडला नेऊन खटला चालवण्याच्या धमकीनं मात्र इतर वसाहती सावध झाल्या आणि १७७३ मध्ये व्हर्जिनियानं आपसांत पत्रव्यवहाराच्या समित्या नेमण्याची हाक दिली. पॉटक्सेट गावात दर जूनला या जहाजाची प्रतिकृती जाळतात.

११. ४ मे १७७६ रोजी ऱ्होड आयलंडनं सगळ्यांच्या आधी स्वातंत्र्य जाहीर केलं, हे बरोबर?

अर्धं बरोबर. त्या दिवशी विधिमंडळानं राजाशी निष्ठेचा कायदा रद्द केला आणि सरकारी कागदांवरून, न्यायालयाच्या हुकुमांवरून राजाचं नाव काढलं. 'स्वातंत्र्य' हा शब्द ठरावात नाही. पण राजाला कागदावरून पुसणारी ही पहिली वसाहत, यात शंका नाही. ४ जुलैच्या जाहीरनाम्यावर इथल्या स्टीफन हॉपकिन्स आणि विल्यम एलरी यांच्या सह्या आहेत. हॉपकिन्सचा हात कंपवातानं थरथरत असे, ते सहीत दिसतं.

१२. युद्धात इथे काय घडलं?

डिसेंबर १७७६ ते ऑक्टोबर १७७९ न्यूपोर्ट ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. सरपणासाठी घरं पाडली गेली, निम्मं गाव निघून गेलं आणि न्यूपोर्टचा व्यापार नंतर कधीच पूर्वीसारखा सावरला नाही. प्रॉव्हिडन्स पुढे गेलं ते तेव्हापासून. सैनिक मिळेनात म्हणून फेब्रुवारी १७७८ मध्ये गुलामांना भरती होता येईल आणि भरती होताच ते स्वतंत्र होतील असा कायदा झाला. मालकांना भरपाई. मालकांच्या ओरडीमुळे काही महिन्यांतच ही भरती बंद केली, पण तोवर तयार झालेली पलटण २९ ऑगस्ट १७७८ च्या लढाईत ब्रिटिशांच्या हेसियन (जर्मन) भाडोत्री सैनिकांसमोर टिकून उभी राहिली.

१३. मग अमेरिकेच्या राज्यघटनेला ऱ्होड आयलंडचा एवढा विरोध का?

पैसा, हे मुख्य कारण. युद्धाचं कर्ज फेडायला शेतजमिनीवर कर लादले होते. १७८६ मध्ये शेतकऱ्यांच्या पक्षानं सत्ता घेतली आणि एक लाख पौंडांच्या कागदी नोटा छापल्या. नोटा झपाट्यानं घसरल्या, दुकानदारांनी फळ्या लावून घेतल्या. जॉन वीडन या न्यूपोर्टच्या खाटकानं नोटा नाकारल्या, त्यावर खटला झाला आणि न्यायालयानं तो ऐकायलाच नकार दिला. बाकी राज्यांतले सावकार या राज्याला 'ठकांचं बेट' म्हणू लागले. पण खेड्यातल्या शेतकऱ्याची जमीन लिलावातून वाचली ती या नोटांमुळेच, हेही तितकंच खरं.

नव्या घटनेत राज्यांना नोटा छापायला बंदी होती. क्वेकरांचा वेगळा आक्षेप होता : गुलामांची आयात १८०८ पर्यंत केंद्राला थांबवता येणार नाही, असं कलम तीत होतं. वर दूरच्या सत्तेविषयीचा जुना अविश्वास. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला घटना लिहायला बारा राज्यं गेली, हे एकटं गेलं नाही. मार्च १७८८ मध्ये घटना थेट लोकांसमोर मतदानाला टाकली. बाजूनं २३७, विरोधात २,७०० हून जास्त. बाजूच्या बहुतेकांनी बहिष्कार घातला होता, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावं.

१४. शेवटी राज्य झालं कधी? १७७६ की १७९०?

परीक्षेत विचारलं तर २९ मे १७९०, तेरावं राज्य. मूळ तेरा वसाहतींत हे घटना स्वीकारणारं शेवटचं. ते १७७६ पासून राज्यच म्हणवत होतं, पण १७८९ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा या संघात नव्हतं. नोव्हेंबर १७८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाही आत गेलं आणि हे एकटं बाहेर उरलं.

मार्च १७९० ची परिषद निर्णयाविना उठली. मग मे महिन्यात अमेरिकी सिनेटनं ऱ्होड आयलंडशी व्यापार बंद करण्याचं विधेयक मंजूर केलं. घरातून प्रॉव्हिडन्सनं धमकी दिली की तुम्ही येत नसाल तर आम्ही फुटून जातो. न्यूपोर्टच्या परिषदेत ३४ विरुद्ध ३२ मतांनी गंगेत घोडं न्हालं.

वॉशिंग्टननं १७८९ च्या दौऱ्यात हे राज्य टाळलं होतं, कारण तेव्हा ते 'परदेश' होतं. ऑगस्ट १७९० मध्ये तो आला आणि न्यूपोर्टच्या ज्यू समाजाला पत्र लिहून म्हणाला की हे सरकार धर्मांधतेला थारा देत नाही आणि छळाला साथ देत नाही.

१५. नावातलं 'प्लांटेशन्स' का काढलं?

पूर्ण नाव 'ऱ्होड आयलंड आणि प्रॉव्हिडन्स प्लांटेशन्स' होतं. सतराव्या शतकात त्या शब्दाचा अर्थ नुसती वसाहत. पण आजच्या कानाला गुलामांचे मळे ऐकू येतात, आणि राज्याच्या दक्षिण भागात तसे मळे खरोखर होते. २०१० मध्ये लोकांनी बदल नाकारला, २०२० मध्ये स्वीकारला.

१६. रॉजर विल्यम्सला सफरचंदाच्या झाडानं खाल्लं, ही काय भानगड?

१६८३ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याच घरामागे पुरलं, दगडबिगड काही नाही. १८६० मध्ये अवशेष शोधायला खणलं तर हाडांऐवजी सफरचंदाच्या झाडाचं एक मूळ हाती लागलं. ते डोक्याच्या जागी शिरलेलं, पाठीच्या कण्यासारखं खाली गेलेलं, कमरेशी दोन फाटे फुटलेलं, गुडघ्याशी वाकलेलं. लोकांनी ते जपून ठेवलं. आज प्रॉव्हिडन्सच्या जॉन ब्राउन हाउसमध्ये, म्हणजे गॅस्पी जाळणाऱ्या आणि गुलाम व्यापार करणाऱ्या त्याच ब्राउनच्या वाड्यात (प्रश्न १०), ते मूळ ठेवलेलं आहे.